काळ्या मातीतला पँथर

बैलजोडी, झोपडी, हत्ती, विळा-कणीस. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी माणसांना उमेदवाराचं नाव वाचता येत नव्हतं, पण चित्र ओळखता येत होतं. निवडणूक चिन्ह ही आपल्या देशाचीच युक्ती, असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातही ती होती आणि कारणही तेच होतं, अक्षरओळख नसलेले मतदार. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. त्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाचा जयघोष छापलेला असे, मतपत्रिकेवर, राजरोस. १९६६ उजाडेपर्यंत हे चाललं.

त्याच वर्षी लाउंड्स नावाच्या एका काउंटीतल्या काळ्या शेतमजुरांनी आणि अल्पभूधारकांनी या कोंबड्यासमोर स्वतःचं चिन्ह उभं केलं. काळा पँथर. तो पुढे कॅलिफोर्नियात गेला, तिथून जगभरच्या वर्तमानपत्रांत आणि १९७२ साली मुंबईत. मराठी वाचकाला पँथर म्हटलं की ओकलंडचे काळ्या जाकिटांतले, बंदूक घेतलेले तरुण आठवतात, नाहीतर नामदेव ढसाळ. पण हा प्राणी जन्मला तो मतपत्रिकेवर, खेडेगावात, सभांमधून चहाड्या-भीती-कंटाळा सोसत. त्या जन्माची ही हकिगत. तिच्यात घोषणा कमी आणि बैठका फार आहेत.

लाउंड्स काउंटी सेल्मा आणि मॉन्टगोमेरी या दोन शहरांच्या मधे पडते. काउंटी म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्यापेक्षा मोठी, जिल्ह्यापेक्षा लहान. या सगळ्या पट्ट्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात, ते मुळात तिथल्या काळ्या, चिकट जमिनीवरून. आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी कापसाची काळी. कापसासाठी गुलाम आणले गेले आणि मग त्या नावाला माणसांच्या रंगाचाही अर्थ चिकटला. १९६० च्या सुमारास काउंटीची लोकसंख्या होती पंधरा हजारांच्या आसपास. त्यातले दर पाचांत चार काळे. जमिनीची वाटणी मात्र उलटी: सुमारे ९० टक्के जमीन ८६ गोऱ्या कुटुंबांच्या नावावर. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली. त्यानंतर तेच लोक त्याच जमिनीवर अर्धेलीने राबू लागले. बियाणं, खत, पीठ-मीठ सगळं मालकाच्या दुकानातून उधार, आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात. हंगाम संपला की वहीत नेहमी मजुराकडेच देणं निघायचं. हे ज्यांना समजावून सांगावं लागेल असे मराठी वाचक थोडे असतील.

आता मतांचं. काउंटीत मतदानाच्या वयाचे काळे स्त्री-पुरुष पाच हजारांहून जास्त होते. १९६५ च्या फेब्रुवारीअखेर मतदार यादीत त्यांच्यापैकी किती होते? एकही नाही. उलट, नोंदणी झालेल्या गोऱ्या मतदारांची संख्या मतदानाच्या वयाच्या एकूण गोऱ्यांपेक्षा जास्त होती. मेलेले आणि गाव सोडून गेलेले यादीत तसेच मुक्कामाला होते. नोंदणी कार्यालय महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी उघडायचं. अर्जदाराची परीक्षा घ्यायची, उत्तर बरोबर की चूक ते कारकुनाने ठरवायचं, आणि शिवाय आधीपासून यादीत असलेल्या एखाद्या मतदाराने ‘हा माणूस सचोटीचा आहे’ अशी हमी द्यायची. यादीत काळा माणूसच नाही म्हटल्यावर हमी द्यायची गोऱ्याने. बहुधा ज्याच्या शेतात राबायचं त्यानेच.

विचारायला गेलेल्यांचं काय होतं हेही सगळ्यांना माहीत होतं. १९३५ मध्ये वाटेकऱ्यांच्या युनियनने कापूस वेचणीचा संप केला, तो मारहाण करून, माणसं मारून मोडला गेला. १९४७ च्या डिसेंबरात एल्मोर बोलिंग या काळ्या व्यापाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याचे ट्रक होते, दुकान होतं, तो कोणाच्या उधारीत नव्हता, गुन्हा तेवढाच. काउंटीला लोकांनी ‘ब्लडी लाउंड्स’ हे नाव उगाच दिलेलं नव्हतं. शेजारच्या सेल्मात मोर्चे निघू लागले तरी लाउंड्समध्ये चळवळीचा कार्यकर्ता पाय ठेवायला कचरत असे.

म्हणून सुरुवात बाहेरून झाली नाही, ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. जॉन ह्युलेट हा लाउंड्समध्येच जन्मलेला माणूस. तरुणपणी बर्मिंगहॅमला गेला, कारखान्यात कामाला लागला, युनियनमध्ये शिरला, आणि तिथे फ्रेड शटल्सवर्थ या पाद्र्याच्या नागरी हक्क संघटनेत त्याने सभा कशी चालवायची, वर्गणी कशी गोळा करायची, भीतीची सवय कशी करून घ्यायची हे पाहिलं. १९५९ मध्ये तो गावी परतला. गिरणीतून गावाकडे परतलेला युनियनवाला माणूस म्हणजे काय चीज असते, हे कोकणात किंवा साताऱ्याकडे वाढलेल्या कोणालाही कल्पनेने कळेल. गावातल्या शांततेचा त्याला आता आवाज ऐकू येतो.

१ मार्च १९६५, महिन्याचा पहिला सोमवार. ह्युलेटसह ३९ माणसं हेनव्हिल या काउंटीच्या मुख्य गावी कचेरीत गेली आणि नोंदणी मागितली. त्यांना परत पाठवलं गेलं. तिसऱ्या सोमवारी ती पुन्हा गेली. या वेळी नोंदणी कचेरीऐवजी जुन्या तुरुंगात ठेवली होती. तुरुंगाची पायरी चढायला लोक बिचकतील हा हिशेब असावा. लोक चढले. त्यांतले दोघं यादीत आले: ह्युलेट, आणि जे. सी. लॉसन नावाचा एक अंध पाद्री. त्यानंतर चारच दिवसांनी, १९ मार्चला, एका काळ्या दुकानदाराच्या दुकानात २८ जण जमले आणि त्यांनी लाउंड्स काउंटी ख्रिश्चन मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स अशी लांबलचक नावाची संघटना स्थापली. अध्यक्ष ह्युलेट.

त्यात कोण पुढे आले हे पाहिलं तर एक गोष्ट दिसते. बरेचसे पुढारी व्हाइट हॉल, कॅल्हून अशा वस्त्यांमधले होते. कॅल्हूनला १८९२ पासून काळ्या मुलांची शाळा होती आणि त्या शाळेने जमीन घेऊन ती काळ्या कुटुंबांना हप्त्याने विकली होती. व्हाइट हॉलकडे मंदीच्या काळातल्या सरकारी योजनेतून काहींना शेतं मिळाली होती. थोडकीच, पण स्वतःची. मालक त्यांना घराबाहेर काढू शकत नव्हता, कारण मालकच नव्हता. तेवढीशी जमीन हे धैर्याचं भांडवल ठरलं. चळवळींच्या इतिहासात शौर्यावर पानंच्या पानं लिहिली जातात, सातबाऱ्यावर कोणी लिहीत नाही.

त्याच आठवड्यात सेल्मा ते मॉन्टगोमेरी हा मार्टिन ल्यूथर किंग यांचा प्रसिद्ध मोर्चा निघाला. २१ ते २५ मार्च. ८० क्रमांकाचा महामार्ग लाउंड्समधून जातो. तिथे रस्ता अरुंद म्हणून न्यायालयाने फक्त ३०० जणांना चालायची परवानगी दिली होती. जगाने पाहिला तो मोर्चा. स्टोकली कारमायकल पाहत होता रस्त्याकडेला उभी राहिलेली माणसं.

कारमायकल तेव्हा २३ वर्षांचा. जन्म त्रिनिदादचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये, शिकला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. तो ज्या संघटनेत होता तिला सगळे ‘स्निक’ म्हणत. विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती. १९६० मध्ये तिची मोट बांधायला एला बेकर या ज्येष्ठ कार्यकर्तीने मदत केली होती, आणि बेकरबाईंचा आग्रह असा की मोठ्या पुढाऱ्याने येऊन भाषण ठोकून जाण्याने काही उरत नाही. गावातल्या माणसांना स्वतःचे निर्णय स्वतः घेता यायला हवेत, त्यासाठी तिथे राहायला हवं. कारमायकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोर्चाच्या दिवसांत रस्त्याकडेच्या लोकांची नावं-पत्ते टिपून घेतले, आणि मोर्चा मॉन्टगोमेरीत पोचून पांगल्यावर दोन-चार दिवसांत ते लाउंड्समध्ये परतले. मोर्चा संपला त्याच रात्री, याच महामार्गावर, कार्यकर्त्यांना गाडीने पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या डेट्रॉइटच्या गोऱ्या स्त्रीला कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी गोळ्या घातल्या होत्या. त्या रस्त्याने परत जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

राहण्याची सोय व्हाइट हॉलच्या मॅथ्यू जॅक्सन यांनी केली. स्वतःच्या मालकीचं एक घर त्यांनी पोरांना वापरायला दिलं. वीज-पाण्याचे हाल होते. दिवसभर घरोघर फिरायचं, कापसाच्या सरींत उभं राहून बोलायचं, संध्याकाळी एखाद्या चर्चमध्ये बसायचं. बॉब मॅन्ट्स हा त्यांतला एक. तो लाउंड्सला आला आणि २०११ मध्ये मरेपर्यंत तिथलाच होऊन राहिला. स्निकचे तरुण तत्त्वाने अहिंसक. यजमान मात्र दाराशी बंदूक टेकवून झोपणारे शेतकरी. या दोघांत वाद झाल्याचं फारसं ऐकू येत नाही. रात्री अनोळखी मोटार घरासमोर रेंगाळली की कोणाचं तत्त्व उपयोगी पडतं, हे तरुणांना लवकर उमगलं असावं.

६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. चारच दिवसांत केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी लाउंड्समधल्या फोर्ट डिपॉझिट गावी येऊन बसले. परीक्षा नाही, हमी नाही. रांगा लागल्या. काही महिन्यांत शून्याचे हजारो झाले.

आणि मग सूड. १४ ऑगस्टला फोर्ट डिपॉझिटमध्ये तरुण मुलांनी दुकानदारांच्या वागणुकीविरुद्ध निदर्शनं केली. ती सगळी पकडली गेली आणि हेनव्हिलच्या तुरुंगात कोंबली गेली. २० तारखेला त्यांना अचानक सोडून दिलं. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. उन्हात ताटकळून चौघं जण थंड काहीतरी प्यायला जवळच्या दुकानाकडे निघाले. दारात टॉम कोलमन हा, शेरीफचा हंगामी मदतनीस म्हणून काम करणारा गोरा माणूस, बंदूक घेऊन उभा. त्याने ती १७ वर्षांच्या रूबी सेल्स या काळ्या मुलीवर रोखली. जोनाथन डॅनियल्स या पाद्री होऊ घातलेल्या गोऱ्या विद्यार्थ्याने तिला बाजूला लोटलं आणि गोळी त्याला लागली. तो जागच्या जागी गेला. दुसऱ्या गोळीने रिचर्ड मॉरिसरो हे कॅथलिक पाद्री गंभीर जखमी झाले. सप्टेंबरअखेर खटला उभा राहिला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने कोलमनला निर्दोष सोडलं.

या निकालाने लाउंड्समधल्या लोकांना जे सांगितलं ते कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नसतं. मत देता येऊ लागलं, पण मत देऊन निवडायचं कोणाला? ज्यूरीची यादी काउंटी करते. शेरीफ काउंटी निवडते. मुंबईचा नगरपाल समारंभापुरता असतो. अलाबामाचा शेरीफ म्हणजे फौजदार, तुरुंगाधिकारी आणि दंडुका तिन्ही एका सदऱ्यात. कर आकारणारा अधिकारी गोऱ्यांच्या मोठ्या जमिनी स्वस्तात दाखवतो, शाळा समिती काळ्या मुलांना फाटकी पुस्तकं पाठवते, आणि हे सगळे लोक डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे पांढऱ्या कोंबड्याच्या, तिकिटावर येतात. त्या पक्षात शिरून काय करणार? शिरताही येऊ नये म्हणून पक्षाने काउंटीच्या पदांसाठी उमेदवारीची फी ५० डॉलरवरून एकदम ५०० वर नेली.

वाट सापडली ती एका कायद्याच्या पुस्तकात. स्निकमध्ये जॅक मिनिस नावाचा एक संशोधक होता. कागद वाचणं हेच त्याचं काम. अलाबामाचे जुने कायदे चाळताना त्याला एक विसरलेली तरतूद दिसली. काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. राज्यातल्या पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या दिवशीच त्याने जाहीर सभा घ्यायची, मतदारांनी आपले उमेदवार निवडायचे, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत २० टक्के मतं मिळाली की तो अधिकृत पक्ष. चिन्ह मात्र हवं. हे कलम सापडणं हा माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत नाट्यमय प्रसंग आहे, आणि त्याचं एकही छायाचित्र नाही.

१९६६ च्या वसंतात लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन उभी राहिली. चिन्हासाठी स्निकच्या रूथ हॉवर्ड हिने आधी कबुतर सुचवलं होतं, ते कोणाला रुचलं नाही. मग तिला अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचा पँथर आठवला. त्यावरून डोरोथी झेलनर हिने रेखाटन सिद्ध केलं. उडी घेण्याच्या बेतातला, पंजे उगारलेला काळा प्राणी. ह्युलेट सभांतून त्याचा अर्थ सांगे: हा प्राणी आपणहून अंगावर येत नाही, ढकलाल तसा मागे सरतो, पण कोपऱ्यात गाठलात की मग जीव तोडून लढतो. पत्रकारांनी लगेच ‘ब्लॅक पँथर पार्टी’ असं नाव पाडलं. लाउंड्सचे लोक विचारत की समोरच्या पक्षाला कोणी ‘पांढऱ्या कोंबड्याचा पक्ष’ का म्हणत नाही?

त्या काळातलं खरं काम सभांतून चाललं. शेरीफ नेमकं काय करतो? कर आकारणारा आणि कर वसूल करणारा यांत फरक काय? मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरला कोणते अधिकार असतात? ज्यांनी जन्मभर या कचेऱ्यांच्या मागच्या दारानेही जाताना टोपी काढली, त्यांना आता त्या खुर्चीत बसायचं होतं. त्यासाठी कोर्टलँड कॉक्स आणि जेनिफर लॉसन यांनी चित्रकथांच्या पुस्तिका केल्या, साध्या भाषेत, एकेका पदाची माहिती देणाऱ्या. अटलांटाला शिबिरं झाली. तिथून आलेले लोक चर्चमध्ये इतरांना शिकवत. शिकलेल्यांनीच पदं घ्यावीत, ही समजूत या सभांनी हळूहळू पुसून टाकली. आपल्याकडे पहिल्यांदा सरपंच झालेल्या बायकांची शिबिरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. आधी कुजबुज, मग एक प्रश्न, मग एकदम सगळ्यांचे प्रश्न.

दरम्यान जमीनमालकांनी नोंदणी केलेल्या वाटेकऱ्यांना काढायला सुरुवात केली होती. १९६५ च्या थंडीत, नाताळाच्या सुमारास, कित्येक कुटुंबं भांड्याकुंड्यांसह रस्त्यावर आली. संघटनेने महामार्गाकडेला सहा एकर जागा घेऊन तिथे तंबू ठोकले. जग त्याला ‘टेंट सिटी’ म्हणू लागलं. चिखल, शेगडी, पाणी वाहून आणणं. रात्री जाणाऱ्या मोटारींतून गोळ्या झाडल्या जात आणि तंबूंतले पुरुष आळीपाळीने पहारा देत. काही कुटुंबं दोन वर्षांहून जास्त काळ तिथे राहिली. नोंदणी रद्द करून मालकाकडे परत जाण्याचा रस्ता त्यांना रोज समोर दिसत होता.

मे १९६६. अलाबामाच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक ३ तारखेला. कट्टर वंशभेदी जॉर्ज वॉलेस यांना कायद्याने सलग पुन्हा उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पत्नी लर्लीन यांना उभं केलं. समोर रिचमंड फ्लॉवर्स हे त्यातल्या त्यात मवाळ गोरे उमेदवार होते. किंग यांच्या संघटनेने काळ्या मतदारांना सांगितलं, फ्लॉवर्सना मत द्या. लाउंड्सच्या संघटनेने उलटं सांगितलं: तिकडे फिरकूही नका. कारण त्या दिवशी कोंबड्याच्या घरात मत दिलं की आपल्या सभेत मत देता येणार नाही. चळवळीतले वजनदार लोक चिडले. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं समजतं, पण लाउंड्सचं जास्त पटतं. गव्हर्नर कोण होतो यावर मॉन्टगोमेरी चालतं, हेनव्हिलचा तुरुंग शेरीफ चालवतो.

सभा कचेरीसमोरच्या हिरवळीवर घ्यायची होती. शेरीफने नकार दिला आणि वातावरण इतकं तापलं की लोक बंदुका घेऊन यायच्या गोष्टी करू लागले. केंद्राचं न्याय खातं मधे पडलं. अखेर कचेरीपासून जवळच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली. सुमारे ९०० जणांनी मत दिलं. अनेकांच्या आयुष्यातलं ते पहिलंच. सात उमेदवार ठरले: शेरीफसाठी सिडनी लोगन, कर आकारणीसाठी अ‍ॅलिस मूर, कर वसुलीसाठी फ्रँक माइल्स, कोरोनरसाठी एमरी रॉस, आणि शाळा समितीसाठी रॉबर्ट लोगन, जॉन हिन्सन आणि विली मे स्ट्रिकलँड. वॉलेसबाई तिकडे सहज जिंकल्या.

त्याच महिन्यात कारमायकल स्निकचा अध्यक्ष झाला आणि १६ जूनच्या रात्री मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला त्याने ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा दिली. देशभर खळबळ उडाली. गोऱ्या वर्तमानपत्रांनी तिच्यात द्वेष वाचला, काही काळ्या पुढाऱ्यांनी उतावळेपणा. घोषणा ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं की बोलणारा माणूस वर्षभर लाउंड्सच्या चिखलात फिरून आला आहे, आणि त्याच्या डोक्यात त्या दोन शब्दांचा अर्थ कर आकारणीची खुर्ची, शाळा समितीतल्या तीन जागा, शेरीफचा बिल्ला असा आहे?

८ नोव्हेंबर १९६६. पँथरच्या चिन्हाखाली खूण करा आणि सरळ घरी जा, वरच्या पदांसाठी मत वाया घालवू नका, असं लोकांना शिकवलं होतं. यादीत काळे मतदार आता अडीच हजारांवर गेले होते. पण मतदानाच्या दिवशी मालकांचे ट्रक मळ्यांवरून मजुरांना घेऊन आले; कोणावर खूण करायची त्याच्या नमुना मतपत्रिका त्यांच्या हातांत होत्या, आणि केंद्रावर ‘मदतीला’ गोरे कर्मचारी होतेच. फोर्ट डिपॉझिटमध्ये पँथरच्या कार्यकर्त्याला बेदम मारलं. रात्री मोजणी झाली. सातही उमेदवार हरले. प्रत्येकाला सोळाशेच्या थोडी वर मतं, प्रतिस्पर्ध्यांना कोणाला दोन हजारांच्या आतबाहेर, कोणाला त्याहून तीनशे जास्त.

पण सोळाशे म्हणजे २० टक्क्यांच्या कितीतरी पुढे. पक्ष अधिकृत झाला.

निवडणुकीच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी पोलिसी दांडगाईविरुद्ध संघटना काढली होती. लाउंड्सचं एक पत्रक त्यांच्या हाती पडलं होतं. नाव आणि चिन्ह त्यांनी तिथूनच घेतलं. पुढे त्या संघटनेचे बंदुकीसह फोटो जगाने पाहिले, तिने मुलांसाठी चालवलेली न्याहारी केंद्रं कमी लोकांनी पाहिली, आणि लाउंड्स तर कोणालाच आठवेनासं झालं. वृत्तपत्रांतून ही ओकलंडची प्रतिमा मुंबईला पोचली. १९७२ मध्ये, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला दलितांवर गावाने बहिष्कार घातला होता, अत्याचाराच्या बातम्या रोज येत होत्या, आणि रिपब्लिकन पक्षाचे पुढारी गटबाजीत गुंतले होते, तेव्हा ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर काढली. बावड्याचा बहिष्कार आणि अलाबामातले तंबू हे एकाच हत्याराचे घाव होते. पण ते नाव ओकलंडहून आलं. लाउंड्सच्या सभा त्याबरोबर आल्या नाहीत. १९७४ च्या जानेवारीत मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला आणि वरळीची दंगल पेटली. मतपत्रिकेवर जन्मलेला प्राणी इथे मतपेटीकडे पाठ फिरवून उभा होता. दोष कोणाला द्यायचा? लाउंड्समध्ये काळे दर पाचांत चार होते. महाराष्ट्रातल्या एकाही तालुक्यात दलितांचं तसं गणित नव्हतं, आणि ज्याच्याकडे बहुमत नाही त्याला फक्त चिन्ह पुरत नाही.

लाउंड्समध्ये पुढे काय झालं? फेब्रुवारी १९६६ मध्येच केंद्रीय न्यायालयाने तिथल्या ज्यूरीतून काळ्यांना आणि सर्व स्त्रियांना वगळणं घटनाबाह्य ठरवलं होतं. लाउंड्सच्या लोकांनीच तो दावा लावला होता. स्निकचे बहुतेक तरुण निघून गेले. पक्ष १९६८ मध्ये पुन्हा हरला, मग राज्यभरच्या एका नव्या काळ्या-बहुल डेमोक्रॅटिक पक्षात मिसळला, आणि १९७० मध्ये जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आला. हेनव्हिलच्या ज्या कचेरीतून त्याला पाच वर्षांपूर्वी परत पाठवलं होतं, तिथेच. वीसेक वर्षं तो शेरीफ राहिला, नंतर न्यायाधीशही झाला. पोलिसांची मारहाण थांबली. ही लहान गोष्ट नाही. रात्री मोटारीचा दिवा दिसला की अंथरुणातून उठून बसणं थांबलं. पण बहुतेक जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली, आणि वर्षं गेली तशी ती चित्रकथांची आणि प्रश्नांची सभा विरत गेली. उमेदवार पुन्हा बंद खोलीत ठरू लागले, फक्त खोलीतली माणसं बदलली. ह्युलेट २००६ मध्ये वारला.

त्याच वर्षी तंबू ठोकलेल्या जागेवर, ८० क्रमांकाच्या महामार्गाकडेला, राष्ट्रीय उद्यान खात्याने संग्रहालय उघडलं. त्याच्या आसपासच्या वस्त्यांत एक जुनी अडचण आहे. ती काळी चिकट माती पाणी मुरू देत नाही, त्यामुळे शौचालयाची साधी टाकी तिथे चालत नाही, आणि या मातीत चालेल अशी टाकी गरिबाला परवडत नाही. कित्येक घरांतून पाइप सरळ अंगणामागच्या खड्ड्यात सोडलेला असतो. २०१७ मध्ये एका अभ्यासात तिथल्या तपासलेल्या रहिवाशांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांत अंकुशकृमीच्या खुणा सापडल्या. अमेरिकेतून हा रोग गेला असं समजलं जात होतं. हा प्रश्न लावून धरणारी कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स ही लाउंड्सचीच मुलगी, चळवळीतल्या आई-बापांच्या घरात वाढलेली. २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याला समझोत्यात बांधून घेतलं, २०२५ मध्ये नव्या सरकारने तो समझोता मोडीत काढला. याच प्रश्नासाठी फ्लॉवर्स आणि तिचे सहकारी घरोघर फिरले होते, पाइप कुठे संपतो ते टिपून घेत.